प्रोजेक्ट रनवे: आधी चौथा सीझन की आठवा?

गेल्या महिन्यात माझ्या शिवणवर्गातल्या एका मुलीने मशीनवर बसल्या बसल्याच विचारलं, "बाई, सुट्टीत प्रोजेक्ट रनवेचा एकच सीझन बघून होईल. कुठला बघू?" मी चटकन "चौथा" म्हणाले, लगेच "थांब, आठवा" म्हणाले, आणि ती हसायला लागली. प्रोजेक्ट रनवे म्हणजे अमेरिकन टीव्हीवरची, कपडे डिझाइन करून शिवायची स्पर्धा. हे दोन्ही सीझन मी दोन-तीनदा बघितलेत, काही तुकडे तर थांबवून थांबवून. याच पेचात आणखीही कोणी असेल म्हणून नीट लिहून काढते. निकाल यात येणारच. इतक्या जुन्या स्पर्धेचे निकाल झाकून काय करायचं?

या दोघांची तुलना सोपी जाते, कारण बाकीचं बरंच सारखं आहे. दोन्हीकडे हायडी क्लुम, मायकल कोर्स आणि नीना गार्सिया हेच परीक्षक आणि टिम गन हाच मार्गदर्शक. न्यूयॉर्कच्या पार्सन्स कॉलेजात बसून शिवायचं, कापड बहुतेक वेळा मूड नावाच्या दुकानातून आणायचं, हातात मोजके पैसे आणि एखाद-दोन दिवस. चौथा सीझन नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर लागला, आठवा २०१० च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये लाइफटाइमवर.

"एखाद-दोन दिवस" वाचून शिवणाऱ्याच्या पोटात गोळा यायला हवा. एकदा लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाऊज पुरा करताना मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. कापड कमी होतं म्हणून दुहेरी न घालता एकेक बाही सुटी कापली आणि दुसऱ्या वेळी साचा उलटा करायचा राहिला. मुंढ्याला लावायला घेतली तेव्हा पुढची खोल गोलाई पाठीकडे आली. कशीबशी काठाची पट्टी जोडून निभावलं. त्यामुळे या लोकांच्या वाकड्या चेनकडे बघून सोफ्यावरून जी थट्टा होते, ती माझ्याच्याने होत नाही.

चौथ्या सीझनचा विजेता ख्रिश्चन सिरियानो. वय २१, तोंडाने फटकळ, उठता बसता 'फिअर्स' (म्हणजे 'जबरदस्त') म्हणणारा. पहिले दोन-तीन भाग तो माझ्या डोक्यात गेला. मग मी आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघितले. लंडनला शिकताना व्हिव्हियन वेस्टवुड आणि अलेक्झांडर मॅक्वीन या नावाजलेल्या डिझाइनरांकडे उमेदवारी केलेला मुलगा आहे, आणि ते दिसतं. इतर अजून कागदावर रेघा मारत असतात तेव्हा याची कात्री चाललेली असते.

एका फेरीत मॉडेलच्या केशरचनेवरून जगावेगळा पोशाख करायचा होता, जोडीने. सिरियानोच्या जोडीला ख्रिस मार्च. दोघांनी ऑर्गेन्झाच्या, म्हणजे पातळ पण ताठ कापडाच्या, झालरींचा डोंगर उभा केला आणि फेरी जिंकली. वर्गात मी हा भाग मुद्दाम लावते. झालर दोन तऱ्हांनी होते. एक आपली नेहमीची: हव्या त्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट सरळ पट्टी घ्यायची आणि चुण्या घालून शिवायची. यात सगळा जाडपणा शिवणीत साठतो. दुसरी गोल कापायची: भाकरीएवढं वर्तुळ, मध्ये भोक, एका बाजूने चीर. आतली कड ओढून सरळ केली की बाहेरची लांब कड आपोआप लाटा घेते. चुणी एकही नाही, म्हणून शिवण चपटी राहते. एका थराला हा फरक कळत नाही. दहा थर एकावर एक चढवले की पहिल्या रीतीने कंबरेचं गाठोडं होतं. तो पोशाख थांबवून बघा आणि कुठे चुणी घातली असेल, कुठे गोल कापलं असेल, याचा अंदाज बांधा. तेवढ्यात एक अख्खा तास शिकून होतो.

रामी काशू हा याच सीझनमधला माझा लाडका. जेरुसलेममध्ये जन्मलेला, रामल्लात वाढलेला. कापड पुतळ्यावर टाकून, हाताने मोडी पाडून तो कपडा घडवायचा. परीक्षक म्हणायला लागले, पुरे झालं तुझं ड्रेपिंग. अर्धं त्यांचं बरोबर होतं, एकच राग किती वेळ आळवायचा! पण हे काम किती अवघड आहे ते आपल्याकडच्या, शिवलेली नऊवारी केलेल्या बाईला विचारा. नेसल्यासारखी दिसली पाहिजे आणि चालताना एक निरी हलता कामा नये. बाहेरून सैल, आतून पक्कं. रामीचे कपडे त्या जातीचे. अंतिम फेरीची जागा मिळवायला त्याला ख्रिस मार्चशी आणखी एक सामना खेळावा लागला. ख्रिसने आपल्या कपड्यांत माणसांचे केस वापरले होते, परीक्षकांना शहारा आला आणि रामी पुढे गेला. मलाही आला, कबूल करते.

तिसरी जिलियन लुइस. ट्विझलर्स नावाच्या लाल चघळायच्या गोळीच्या कांड्यांपासून तिने केलेला पोशाख आणि शेवटच्या संग्रहातलं विणकाम, एवढं बघितलं तरी पुरे. नेहमी वेळेच्या काठावर. तिला बघून मला माझ्या निम्म्या विद्यार्थिनी आठवतात.

शेवटी सिरियानोने काळ्या रंगावर आणि पिसांवर भर दिला. मला ते जरा जास्तच वाटलं, काळ्यावर काळं टीव्हीवर मरतं. पाहुणी परीक्षक व्हिक्टोरिया बेकहॅमला मात्र आवडलं, बाकीच्यांनाही. प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीससुद्धा त्यालाच मिळालं. पुढे २०१६ मध्ये अभिनेत्री लेस्ली जोन्सने आपल्या चित्रपटाच्या प्रीमियरसाठी कोणी डिझाइनर कपडे द्यायला तयार नाही असं जाहीर सांगितलं, तेव्हा हा पुढे झाला आणि तिला लाल गाऊन करून दिला. २०१९ च्या ऑस्करला अभिनेता बिली पोर्टरने घातलेला वर टक्सिडो कोट, खाली घेरदार काळा मखमली गाऊन, तोही याचाच. त्याच वर्षी तो या कार्यक्रमात टिम गनच्या जागी मार्गदर्शक म्हणून परतला. थोडक्यात, चौथ्या सीझनमध्ये वाद शिवणीने मिटतो. ज्याचा हात बसलेला तो जिंकतो आणि घरी बसलेल्यालाही ते पटतं.

आठव्यात असं काही होत नाही. म्हणून तर तो बघायचा.

तिथला सामना मोंडो गुएरा आणि ग्रेचन जोन्स यांचा. मोंडो डेन्व्हरचा, बुटका, अबोल, सुरुवातीला सगळ्यांपासून तुटलेला. त्याच्या कपड्यात चौकडा, ठिपके आणि पट्टे एकत्र नांदतात. ऐकायला सोपं आहे. खणाचा ब्लाऊज शिवताना दोन्ही पुढच्या भागांवरच्या बुट्ट्या एका रेषेत आणायला आपण किती कापड वाया घालवतो, ते आठवा. मोंडो तीन वेगवेगळी छापील कापडं घेतो आणि एकातला एक तरी रंग दुसऱ्यात ओवतो. तो धागा सापडला की गोंधळ वाटणारा कपडा एकदम शिस्तीत उभा राहतो.

एका फेरीत प्रत्येकाने आपल्या आयुष्यावरून कापडाची छपाई स्वतः करायची होती. मोंडोने अधिकच्या चिन्हांची नक्षी केली आणि तिची पँट शिवली. मागचा अर्थ तो आधी सांगत नाही. परीक्षकांसमोर नीना गार्सिया विचारते आणि तो सांगतो, की दहा वर्षांपासून तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. ती फेरी तो जिंकला. मला इथे एक सांगायचंय: ती कहाणी बाजूला ठेवून पँट बघा. कंबर उंच, पायाला बेताची, नक्षी शिवणीपाशी कुठे तुटलेली डोळ्यात भरत नाही. कहाणी नसती तरी ती पँट चांगली होती.

ग्रेचन पोर्टलंडची. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिच्या. बोलण्यात ठाम, आपल्या मताबद्दल शंकाच नाही. गटाच्या एका फेरीत तिचा गट तोंडावर आपटला आणि टिम गनने गटाला झापलं, तुम्ही हिला तुमच्यावर दादागिरी का करू दिली म्हणून. तिचे शेवटचे कपडे मातकट, तपकिरी, सत्तरच्या दशकाची आठवण देणारे, सुळसुळीत. मोंडोचे कपडे रंगांची जत्रा, त्यात मोठ्या ठिपक्यांचा एक पोशाख. क्लुम आणि पाहुणी जेसिका सिम्पसन मोंडोच्या बाजूने. कोर्स आणि गार्सिया ग्रेचनच्या बाजूने, फॅशन आता हिच्याच दिशेने चालली आहे म्हणून. दोनास दोन. बराच वेळ घोळ चालला आणि ग्रेचन जिंकली.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रिमोट आपटला. दुसऱ्यांदा बघितलं तोवर माझं छोटं बुटिक सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. दुकानात जे कपडे लोक हात लावून बघतात, फोटो काढतात आणि परत ठेवतात, ते मोंडोचे. जे निमूटपणे विकले जातात ते ग्रेचनच्या वळणाचे. तरीही माझं मत मोंडोलाच. कारण साधं: ग्रेचनच्या कपड्यांत कमरेखालचं बसणं मला कधीच पटलं नाही. विकाऊपणाच्या नावाखाली ज्याला पहिला नंबर द्यायचा, तो कपडा निदान अंगावर तरी नीट बसला पाहिजे ना! मोंडोने २०१२ मध्ये या स्पर्धेचा पहिला ऑल स्टार्स (जुन्या स्पर्धकांचा) सीझन जिंकला, तेव्हा मला उगाचच माझा खटला निकाली निघाल्यासारखं वाटलं.

आता व्यवहाराचं. चौथ्याचा भाग जाहिरातींसकट तासाभराचा, आठव्याचा दीड तासाचा. जास्तीचा अर्धा तास शिवणीला मिळाला असता तर मी खूश झाले असते, पण तो बराचसा रुसव्याफुगव्यांत जातो. मायकल कॉस्टेलोला बाकीच्यांनी ज्या तऱ्हेने कोपऱ्यात घेतलं ते तर बघवत नाही. (२०१४ च्या ग्रॅमीला बियॉन्सेने घातलेला पांढरा लेसचा गाऊन याच कॉस्टेलोचा.) चौथ्यातही टोमणे आहेत, पण कात्री जास्त दिसते.

म्हणून शिवण शिकत असाल तर चौथा. हात बसलाय, दुकान टाकायचंय आणि "मी माझ्या आवडीचं करू की खपेल ते?" हा भुंगा डोक्यात असेल तर आठवा. नुसती चेन कशी लावायची, बाही मुंढ्यात कशी बसवायची एवढंच हवं असेल तर हे दोन्ही सोडा आणि बीबीसीचा २०१३ पासूनचा ग्रेट ब्रिटिश सुइंग बी बघा. तिथे घरी शिवणारी माणसं येतात, एका फेरीत सगळ्यांना एकच साचा मिळतो आणि परीक्षक शिवण उलटी करून बघतात.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी हे सगळं सांगितलं आणि चौथ्यापासून सुरू कर म्हटलं. तिने अर्थातच आठवा लावला. सोमवारी वर्गात लवकर आले तर ती एकटीच टेबलाशी उभी होती. कापून उरलेला खणाचा तुकडा, त्यावर कोणाच्या तरी शर्टाचं चौकड्याचं कापड, आणि दोन्हीतला हिरवा एका रेषेत येतोय का, ते डोळे बारीक करून बघत होती.