ॲनेक्सिन-पीआय किट: १९ वर्षांच्या वापरानंतर

पेशी मरताना बघणं हा माझा धंदा. १९ वर्षं तेच करतेय, आणि एवढ्या काळात फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात मरणाऱ्या पेशी रंगवून दाखवणारं हे किट नाही असं क्वचितच झालं. कंपन्या बदलल्या, खोक्यांचे रंग बदलले, आतला माल तोच: ॲनेक्सिन-व्ही एफआयटीसीची (हिरवा चमकणारा रंग जोडलेलं प्रथिन) बाटली, प्रोपिडियम आयोडाइड म्हणजे पीआय या लाल रंगाची एक बाटली आणि दहापट तीव्रतेचा बफर.

निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं लिपिड पटलाच्या आतल्या अंगाला दडवून ठेवते. अपॉप्टोसिस (पेशीची ठरवून केलेली आत्महत्या) सुरू झाला की ते बाहेर येतं. भक्षक पेशींना ते जेवणाचं आवतणच. ॲनेक्सिन नेमकं त्याला चिकटतं. पीआय मात्र पटल फाटल्याशिवाय आत शिरत नाही. त्यामुळे नुसती हिरवी पेशी म्हणजे मरायला लागलेली, हिरवी-लाल म्हणजे मेलेली. १५ मिनिटं अंधारात ठेवायचं आणि तासाभरात सायटोमीटरवर (एकेक पेशीचा रंग मोजणारं यंत्र, आमच्या भाषेत ‘फ्लो’) चालवायचं. जुन्या पद्धतीने, मरणाऱ्या पेशींच्या डीएनएच्या तुकड्यांची शिडी दिसावी म्हणून जेलपुढे रात्री काढलेल्या माणसाला हे चैनीचंच वाटतं.

तरी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी याने मला सहा आठवडे रडवलं. औषध दिलेल्या हेला पेशी (तळाला चिकटून वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांदेखत फुगे काढून सुटत होत्या, आणि फ्लोवर हिरवं जवळजवळ काहीच नाही. कंपनीला मेल केला, नवी बाटली आली, तीही तशीच. चुका माझ्याच होत्या, दोन. एक, तळाच्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन-ईडीटीए हे द्रावण वापरून मी त्या नीट धूत नव्हते. ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं. दुसरी चूक सांगायला आजही लाज वाटते. सुटून तरंगणाऱ्या पेशी मी माध्यमाबरोबर सिंकमध्ये ओतत होते, म्हणजे मेलेल्यांना स्वतःच वाटेला लावून मग ‘मेलेल्या कुठेत’ म्हणून शोधत होते. माहितीपत्रकात दोन्ही गोष्टी होत्या. शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मुळातच तरंगत्या, तिथे ट्रिप्सिनचा प्रश्नच नाही, आणि तिथे हे किट खरं खुलतं. बीसीएल-२ हे जनुक पेशींची वाढ करत नाही, त्यांचं मरण टाळतं, हे १९८८ मध्ये कळलं. त्याच्या प्रथिनाला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सायटोमीटरच्या आलेखात एक ठिपका म्हणजे एक पेशी; उजवीकडे हिरवं वाढतं, वर लाल. व्हेनेटोक्लॅक्स टाकल्यावर काही तासांत ठिपक्यांचा ढग खालच्या डाव्या चौकोनातून उजवीकडे सरकताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा खुर्चीतून उठले होते. आता उठत नाही, पण बघते अजून.

माझी खरी तक्रार वरच्या उजव्या चौकोनाबद्दल आहे. पत्रक त्याला बिनधास्त ‘उशिराचा अपॉप्टोसिस’ म्हणतं. कशावरून? पटल कुठल्याही कारणाने फाटलं की पीआय आत जातो, मागोमाग ॲनेक्सिनही आतल्या लिपिडला चिकटतं. पेशी फुटून होणारा नेक्रोप्टोसिस असो, २०१२ मध्ये नाव मिळालेला, लोहामुळे होणारा फेरॉप्टोसिस असो, सगळे त्याच चौकोनात येऊन बसतात. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी असाच आलेख घेऊन आली. “मॅडम, ६० टक्के अपॉप्टोसिस!” म्हटलं, कॅस्पेज (अपॉप्टोसिस घडवणारी विकरं) रोखून बघ. रोखले, तरी पेशी तितक्याच मेल्या. फेरॉप्टोसिस रोखणारं फेरोस्टॅटिन दिल्यावर वाचल्या. लेखाचं शीर्षकच बदलावं लागलं, बिचारी आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ‘अपॉप्टोसिस’ हा पानगळीचा ग्रीक शब्द उचलला, तेव्हा त्यांच्याकडे असली बाटली नव्हती. सूक्ष्मदर्शकातून आक्रसलेल्या पेशी बघूनच त्यांनी ते ओळखलं. हे किट आल्यापासून मुलं फ्लास्ककडे बघतच नाहीत, थेट टक्के विचारतात. यात किटचा दोष किती, ठाऊक नाही.

घेणार असाल तर: फ्रीझरमध्ये ठेवू नका, एकेका रंगाचे वेगळे कंट्रोल (तुलनेचे नमुने) लावा, आणि स्टॉरोस्पोरिन (हमखास अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) दिलेली एक ट्यूब दर वेळी चालवा. ५ पैकी ४ तारे. एक कापला तो शेवटून दुसऱ्या पानासाठी.