जळगावचं ऊन की बंगळुरूचं आभाळ?

भाच्याला बंगळुरूची नोकरी आलीय, जळगाव सुटत नाही. पगाराचं त्याचं तो बघेल. मी हवेपुरतं सांगते, चार वर्षं तिथे काढलीत.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, जळगाव जेमतेम 200. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, तिथे ऐन एप्रिलातही सहसा 34-35 वर थांबतो. कूलर, वाळ्याचे पडदे, विजेचं बिल, सगळं वाचतं. घरभाडं मात्र ते गिळून टाकतं.

वाळवणात जळगावला तोड नाही. गच्चीवर घातलेल्या बिबड्या बघता बघता कडकडीत. तिथे जूनपासून ढग, सरी थेट नोव्हेंबरपर्यंत. माझ्या उडदाच्या पापडांना बुरशी लागली, टॉवेलांना कुबट वास. आठवडाभर ऊन दिसलं नाही की मला उगाच रडू यायचं. आणि हे म्हणायचे, काय छान हवा!

थंडी? तिथे स्वेटर लागतो, पण शेतातल्या भरीत पार्टीची ती शेकोटीची थंडी नाही.

उन्हाने डोकं उठतं, भर दुपारी पायी फिरायचंय, त्याने बंगळुरू घ्यावं. वाळवण, शेत आणि लख्ख उजेड हवा त्याने जळगाव. भाचा उठतोच दुपारी बाराला. त्याला ढग चालतील.