ब्लास्ट की डायमंड?

अनोळखी डीएनएचा एखादाच तुकडा हातात असेल, तर त्याच्याशी जुळणारे सीक्वेन्स (डीएनए किंवा प्रोटीनमधले अक्षरांचे क्रम) डेटाबेसमध्ये शोधायला सरळ ब्लास्ट वापरावं. 1990 पासूनचं हे साधन ब्राउझरमध्येही चालतं. डीएनएची डीएनएशी, प्रोटीनची प्रोटीनशी किंवा भाषांतरित डीएनएची प्रोटीनशी, अशा सगळ्या तुलना ते करतं.

डायमंड 2015 मध्ये आलं, मुख्यतः प्रोटीन डेटाबेसमध्ये शोधण्यासाठी. त्यामागची कल्पना मला फार सुंदर वाटते. पहिल्या चाळणीत प्रोटीनच्या घटकांचे, म्हणजे एकेका अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या 20 अमिनो आम्लांचे, गट पाडून वर्णमाला 11 अक्षरांवर आणली जाते. शिवाय अनुक्रमणिका फक्त डेटाबेसची नाही, तर आपल्या सीक्वेन्सचीही बनते आणि दोन्ही एकदमच पडताळल्या जातात. छोट्या रीड्सवर (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांवर) ब्लास्टएक्सच्या, म्हणजे भाषांतरित डीएनएची प्रोटीनशी तुलना करणाऱ्या ब्लास्टच्या, 20,000 पट वेग निर्मात्यांनी नोंदवला. मेटाजिनोमिक्सच्या (एका नमुन्यातल्या सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र अभासण्याच्या) लाखो रीड्ससाठी मी डायमंडच निवडेन.

पण दूरचे नातेवाईक शोधताना जपून. डायमंडचा मूळ मोड साधारण 60 टक्क्यांहून जास्त साम्यासाठी आहे. 40 टक्क्यांच्या खालचं नातं हवं असेल, तर 'व्हेरी सेन्सिटिव्ह' किंवा 'अल्ट्रा सेन्सिटिव्ह' मोड स्वतः निवडावा लागतो, आणि मग वेळही वाढतो. ब्लास्ट आणि डायमंडच्या ई-व्हॅल्यू (इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल, तो आकडा) शेजारी ठेवायच्या असतील, तर डेटाबेस एकच घ्या. त्याच्या आकारावर तो आकडा बदलतो.