वर्ग-अर्जाचा तयार मसुदा: टायपिंग झकास, कारणं कच्ची

उत्तर गोव्यातल्या एका कोर्टालगतच्या टायपिंगच्या दुकानात न्यायाधीश बदलून मागण्याचा, म्हणजे खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज तयार मिळतो. इंग्रजी मसुदा, सोबत शपथपत्र, तासाभरात हातात. टायपिंगला नाव ठेवायला जागा नाही.

मथळा मात्र अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०७ चा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे: सत्र न्यायाधीशांकडे कलम ४४८, उच्च न्यायालयात ४४७. त्यातही खटला एकाच सत्र विभागात फिरवायचा असेल तर आधी सत्र न्यायाधीशांनी अर्ज फेटाळायला हवा, मगच पर्वरी, म्हणजे गोव्यातलं उच्च न्यायालय. इथे सरसकट पर्वरीच छापलेली. दिवाणी दावा वर्ग करण्याचं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४ सुद्धा त्याच कागदात कोंबलंय. 'आपण बाजूला व्हावं' ही विनंती त्याच न्यायाधीशांपुढे करायची असते, वर्ग करण्याची वरच्या कोर्टात. मसुद्यात दोन्हींची खिचडी.

खरी पडझड कारणांत. एकच वाक्य: न्यायाधीश प्रतिपक्षाकडे झुकलेले 'वाटतात'. अशिलाला नुसतं तसं वाटून भागत नाही. त्याच्या मनातली शंका रास्त आहे का, हे पाहतात (सर्वोच्च न्यायालयाचा रणजित ठाकूर निवाडा, १९८७). आदेश विरोधात गेला, तारीख वाढवून दिली नाही, ही रडगाणी अपिलात. इथे हवं ते म्हणजे तारीख, नेमके शब्द, रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) प्रमाणित नक्कल. न्यायाधीशांचा हितसंबंध असेल तर तो उघड मांडावा: दाव्यात कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) पक्षकार आणि न्यायाधीश तिचेच गावकार, म्हणजे वंशपरंपरागत सदस्य, हे कारण झालं. एकाच फेस्ताला (चर्चच्या सणाला) जेवले, एकाच हायस्कुलात शिकले, हे नव्हे. तसं धरलं तर गोव्यात सुनावणीला माणूस उरायचा नाही.

शपथपत्राची पडताळणीही ढोबळ. स्वतः पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं आणि कुणाकडून, हे परिच्छेदवार लिहावं लागतं. बिनबुडाचा आरोप असेल तर सही करणारा वकीलही कोर्टाच्या अवमानात सापडतो. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या शरीफ प्रकरणातच ते सांगून ठेवलंय.

आणखी एक: नुसता अर्ज टाकल्याने खालची सुनावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागायची. मसुद्यात ती ओळच नाही. आरोपीचा अर्ज असेल तर सरकारी वकिलाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस व सुनावणी यांत निदान २४ तास हवेत.

पैसे द्यायचेच तर शपथपत्राच्या टायपिंगचे द्यावेत. कारणांचं पान कोरं मागून घ्यावं आणि रोजनामा पुढ्यात ठेवून वकिलाकडून लिहून घ्यावं.