खारघरला गोल्फच्या प्रोबरोबर ९ होलचा ऑन-कोर्स लेसन : माझा अनुभव आणि कुणी घ्यावा

रेंजवर (नुसत्या सरावाच्या मैदानावर) बॉल सुंदर उडतो आणि कोर्सवर गेलं की एकेका होलला आठ-नऊ शॉट लागतात, असं ज्यांचं होतंय त्यांनी हे जरूर वाचा. मी खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर एका प्रोबरोबर (व्यावसायिक गोल्फ शिक्षकाबरोबर) ऑन-कोर्स लेसन घेतला, म्हणजे प्रो तुमच्याबरोबर प्रत्यक्ष होल चालत येतो, प्रत्येक शॉटच्या आधी काय करणार ते विचारतो, मारल्यावर काय झालं ते सांगतो, आणि माझं अगदी स्पष्ट मत झालंय की हॅन्डिकॅप (तज्ज्ञ खेळाडूपेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) वीसच्या वर असेल तर नवीन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घ्यायच्या आधी पैसे इथे घाला. प्रोचं नाव टाकत नाहीये कारण त्यांना विचारलेलं नाही. एवढं सांगते की एनजीएआयचं (नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं) सर्टिफिकेट आहे, सुरुवात कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारा मदतनीस) म्हणून केलीय आणि सगळं मराठीत समजावतात, ज्याचा मला तरी खूप फायदा झाला, कारण मनात शंका आली की ती लगेच तोंडातून बाहेर पडते, इंग्रजीत वाक्य जुळवत बसावं लागत नाही.

कोर्सबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हा सिडकोचा कोर्स आहे, क्लबची मेंबरशिप नसली तरी ग्रीन फी (कोर्सवर खेळायची फी) भरून खेळता येतं. मुंबईत विलिंग्डन (१९१८) आणि चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी (१९२७) हे जुने नावाजलेले क्लब, पण तिथे मेंबरच्या ओळखीशिवाय जाणं अवघड, त्यामुळे माझ्यासारख्या नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बाईला खारघर म्हणजे मोठाच आधार आहे. आणि जागा काय सुंदर आहे! चारी बाजूंनी डोंगर, पावसाळा संपता संपता गेलात तर सगळं हिरवंगार.

आता खर्च. इथे आधी नीट विचारून घ्या, कारण ऑन-कोर्स लेसनमध्ये प्रोची फी वेगळी, तुमची ग्रीन फी वेगळी, कॅडीचे वेगळे, कार्ट घेतली तर ती वेगळी, आणि काही ठिकाणी प्रोची ग्रीन फीसुद्धा तुमच्याकडूनच घेतात. मला सगळं मिळून रेंजवरच्या तीन-चार लेसनएवढा खर्च आला. ऐकायला जास्त वाटतं, मलाही बुकिंग करताना वाटलंच होतं. पण त्या सकाळी जे कळलं ते रेंजवर तीन महिने घालवून कळलं नसतं, कारण रेंजवर मॅट सपाट असते, बॉल परत परत मिळतो आणि कुठे मारायचं याचा विचारच करावा लागत नाही.

पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला शॉट मारतात तिथे) जायच्या आधी सरांनी स्कोअरकार्ड मागितलं, माझा कोर्स हॅन्डिकॅप विचारला (२८ आहे), आणि पेनने एकेका होलचा छापलेला पार (त्या होलसाठी ठरवलेले शॉट) खोडून बाजूला माझा पार लिहिला. हिशोब सोपा आहे, २८ म्हणजे अठराही होलना एक-एक शॉट आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते १० असलेल्या होलना आणखी एक. म्हणजे इंडेक्स ३ चा पार फोर असेल तर माझा पार ६. मला हे नियम म्हणून माहीत होतं पण खेळताना कधी वापरलं नव्हतं, आणि कार्डवर ६ लिहिलेला बघितल्यावर होलकडे बघायची नजरच बदलते हो. ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दोन शॉटमध्ये पोचायची घाई कशाला, चार शॉट आहेत हातात.

हे लगेच वापरायलाही लागलं. एक पार फोर होता, माझ्या टीवरून ३१० यार्डाच्या आसपास. ड्रायव्हर माझा बरा बसला तर १५० जातो. उरले १६०. नेहमीप्रमाणे मी थ्री वूड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब जाणारा क्लब) काढायला गेले तर सर म्हणाले, "मॅडम, थ्री वूडने १६० जाणार का?" नाही जाणार. "मग कशाला काढताय?" तर म्हटलं जेवढं जवळ जाईल तेवढं. त्यावर ते म्हणाले, "जवळ नको, सोयीचं पाहिजे. तुमचा कोणता क्लब सगळ्यात भरवशाचा?" पिचिंग वेज, फुल स्विंगला ७० यार्ड. "मग १६० मधून ७० गेले, राहिले ९०. ९० कशाने जातो?" आठ नंबरच्या आयर्नने. मारला आठ नंबर, छोटासा, सरळ, फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) मधोमध. मग फुल वेज, बॉल ग्रीनवर. मग दोन पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचे हलके स्ट्रोक). एकूण पाच. माझ्या पारपेक्षा एक कमी! थ्री वूडने बॉल ग्रीनपासून ३०-४० यार्डावर पडला असता, तेही नीट बसला तर, आणि तिथून अर्धा-मुर्धा स्विंग करायचा, जो नवशिक्यांना सगळ्यात कठीण जातो. मागून हिशोब करत यायचं, हे इतकं साधं आहे आणि रेंजवर कुणी शिकवत नाही, कारण रेंजवर होलच नसतो ना.

पार थ्रीवर दुसरी गोष्ट. ग्रीनची पुढची कड ९२ यार्ड, मागची ११८, फ्लॅग मधे, पुढे बंकर (वाळूचा खड्डा). माझा सेव्हन आयर्न १०० जातो म्हणून मी तो हातात घेतला. सर म्हणाले, "दहा सेव्हन आयर्न मारले तर १०० किती जातात?" मी म्हटलं तीन-चार. "म्हणजे बाकीचे सहा-सात बंकरमध्ये. मग १०० हे तुमचं अंतर नाही, ते तुमचं सगळ्यात चांगलं अंतर आहे." आणि हायब्रिड (त्याहून लांब जाणारा क्लब) हातात दिला. तेव्हापासून मी फ्लॅगचं अंतर विचारतच नाही, कॅडीदादांना ग्रीनच्या मागच्या कडेचं अंतर विचारते. आजूबाजूला खेळणाऱ्यांकडे बघा, दहातले आठ जण शॉर्ट (अलीकडेच) राहतात, आणि कोर्स बांधणाऱ्यांनी अडचणी बहुतेक पुढेच ठेवलेल्या असतात.

टी बॉक्सवर उभं कुठे राहायचं हेही तेव्हाच कळलं. माझा बॉल उजवीकडे स्लाईस होतो (वळत जातो), तर उजव्या टी मार्करजवळ टी लावून डावीकडे बघून मारायचं, म्हणजे बॉल वळला तरी फेअरवेत राहतो. स्लाईस दुरुस्त करायचा प्रयत्न त्या दिवशी सरांनी अजिबात केला नाही. म्हणाले, "आज जो स्विंग घरून आणलाय त्यानेच खेळायचं." मला हे फार आवडलं! आधी दुसरीकडे एका प्रोबरोबर असाच लेसन घेतला होता, त्यांनी दर शॉटला ग्रिप बदल, खांदा बदल असं करत शेवटी बॉल लागेनासाच केला होता, आणि मधल्या वेळात फोनवर. त्यामुळे बुक करताना हे आधीच विचारा की तुम्ही कोर्सवर स्विंग बदलता का. हो म्हणाले तर मी तरी घेणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला उतारावरच्या शॉटवर, आणि जायलाच हवा होता. बॉल पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे जातो, वर असेल तर डावीकडे (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगतेय), हे यूट्यूबवर शंभर वेळा बघितलंय. पण उतारावर उभं राहिल्यावर शरीराला ते कळत नाही. सरांनी काय केलं, बॉलच्या शेजारी त्याच उतारावर बॉलशिवाय स्विंग करायला लावला, तीन वेळा, आणि खाली बघायला सांगितलं की क्लब गवताला नक्की कुठे घासतोय. माझ्या नेहमीच्या जागेपेक्षा चार बोटं मागे घासत होता. बास, मग बॉल तेवढा मागे घेऊन उभं राहायचं. बॉल वर असेल तर ग्रिप इंचभर खाली धरायची, चढावर मारताना एक क्लब मोठा घ्यायचा कारण बॉल उंच जातो आणि शॉर्ट पडतो. एकदा चुकूनही वाटलं नाही की पाठ करतेय, कारण प्रत्येक वेळी जमीन समोर होती.

इथे एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या लोकांना जमीन वाचता येते तशी भल्याभल्यांना येत नाही. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते आणि १९९१ ला इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. गोल्फर एसएसपी चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर (कोर्सचं गवत राखणारे), त्याने २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ इंडियन ओपन मारलं. त्यामुळे प्रो निवडताना कुणाकडे परदेशातलं सर्टिफिकेट आहे, कुणाकडे महागडं लाँच मॉनिटर (बॉलचा वेग-दिशा मोजणारं यंत्र) आहे एवढंच बघू नका, मातीत वाढलेला माणूस असेल तर ऑन-कोर्स लेसनला तो जास्त उपयोगी, हे माझं ठाम मत.

ग्रीनजवळचं थोडक्यात सांगते. मधे काही अडथळा नसेल तर साठ डिग्रीचा वेज (बॉल खूप उंच उडवणारा क्लब) बॅगेतून बाहेरच काढायचा नाही, आठ नंबरने पटसारखा स्ट्रोक करून बॉल घरंगळवायचा. बंकरमध्ये वाळू ओली होती, म्हणून सरांनी क्लबफेस फार उघडायला मनाई केली.

पटिंग मात्र सविस्तर. सकाळची वेळ, ग्रीनवर दव, आधीच्या ग्रुपच्या पटची रेघ दवात स्पष्ट दिसत होती आणि शेवटी ती कशी वळलीय तेही. सर म्हणाले, "फुकट मिळालेलं उत्तर आहे, बघून घ्या." मग गवताची दिशा. ग्रीन चमकत असेल तर गवत आपल्यापासून लांब झुकलंय, बॉल पळणार, गडद दिसत असेल तर आपल्याकडे झुकलंय, जोर जास्त लागणार. ओळखता येत नसेल तर होलच्या कडेला वाकून बघायचं, एक बाजू धारदार कापलेली दिसते आणि दुसरी थोडी फाटकी, करपलेली, गवत त्या फाटक्या बाजूकडे झुकलेलं असतं. मी खाली बसून बघितलं आणि खरंच तसं होतं! नंतर प्रत्येक ग्रीनवर बघत राहिले.

आणि लांबच्या पटला ब्रेकची (बॉल किती वळेल याची) काळजी कमी, अंतराची जास्त. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर खेळणारे प्रो ८ फुटांवरून साधारण अर्धेच पट घालतात. अर्धेच! हे ऐकल्यावर मी माझ्या सहा फुटांच्या पटवर चिडायचं बंद केलं. तीस फुटांवरून बॉल होलजवळ नेऊन ठेवायचा एवढंच काम.

नियमांचंही एक लक्षात ठेवा. राउंडमध्ये कॅडी किंवा पार्टनर सोडून दुसऱ्याकडून सल्ला मागितला तर दोन शॉटची पेनल्टी असते (रूल १०.२), म्हणून लेसनचं कार्ड हॅन्डिकॅपसाठी टाकता येत नाही. टाकायला जाऊही नका.

न पटलेल्या गोष्टीही सांगते. पहिली, वेळ. पाचव्या होलनंतर मागचा ग्रुप येऊन उभा राहिला आणि मग एक बॉल इथून मारा, एक तिथून मारून बघा हे बंद झालं, शेवटचे होल घाईघाईत झाले, आणि नेमका लाँग पार फाइव्ह, ज्यावर मला सगळ्यात जास्त विचारायचं होतं, तो त्यातच गेला. दुसरी, लिहून काहीच मिळालं नाही. एवढी फी घेतल्यावर दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर चार ओळी, मी कुठे शॉट घालवले, घरी काय करायचं, एवढं प्रोने द्यायलाच पाहिजे असं मला वाटतं. मी फोनवर व्हॉइस नोट करत गेले म्हणून लक्षात राहिलं. तिसरी, बायकांच्या अंतराचा विचार काही प्रो करत नाहीत, "तिथून सिक्स आयर्न मारा" म्हणतात तो त्यांचा सिक्स आयर्न असतो. या सरांनी एकदाच केलं आणि लगेच दुरुस्तही केलं, पण तुम्ही आधीच तुमची क्लबवार अंतरं एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, अर्धा तास वाचतो.

कुणी घेऊ नये? ज्यांचा बॉल अजून हवेतच उडत नाही त्यांनी आधी रेंजवर काही महिने काढा, नाहीतर सगळा वेळ रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) बॉल शोधण्यात जाईल. सिंगल (दहाच्या खालच्या) हॅन्डिकॅपवाल्यांना किती फायदा होईल ते मी सांगू शकत नाही. पण ज्यांना फेअरवेवरून बॉल बऱ्यापैकी मारता येतो आणि तरी स्कोअर शंभराच्या खाली येत नाही, त्यांच्यासाठी साडेचार स्टार, अर्धा कापला तो घाई आणि नोट्ससाठी.

बुक करताना आठवड्याच्या मधला दिवस घ्या, शनिवार-रविवार मुळीच नको. पहिला टी टाईम मागा म्हणजे मागे लोक येईपर्यंत पाच-सहा होल निवांत होतात, आणि शक्य असेल तर चालत खेळा, कारण कार्टमध्ये बसलं की दोन शॉटच्या मधलं बोलणं राहून जातं आणि खरं शिकणं तिथेच होतं. अठरा होल नकोत, नऊ पुरे, सातव्या होलनंतर डोक्यात काही शिरत नाही. मी पुढचा पावसाळ्यानंतर कोरड्या ग्रीनवर घेणार आहे, सरांना सांगूनही ठेवलंय, आणि या वेळी सुरुवात त्या राहिलेल्या पार फाइव्हपासून करायची असं ठरलंय.