डिझेल की पेट्रोल? ॲव्हरेजचा हिशेब आणि तो पिवळा दिवा

गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आल्यानंतर, म्हणजे २०२० मध्ये, मी डिझेल गाडी घेतली. चार वर्षं चालवली आणि मग त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीवर आलो. दोन्हींचं ॲव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असं वहीत लिहिलंय. तुमचा रस्ता आणि तुमचा पाय वेगळा, त्यामुळे तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

हायवेवर डिझेलच पुढे, यात वाद नाही. पुण्याहून सातारा, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पाच माणसं, एसी चालू, डिकी भरलेली. डिझेल लिटरला २० द्यायची, पेट्रोल त्याच रस्त्याला १६ देते. हा फरक इंजिनाच्या घडणीतला आहे. डिझेलमध्ये हवा कितीतरी जास्त दाबली जाते, वेग आवरायला पेट्रोलसारखी थ्रॉटलने, म्हणजे हवेच्या झडपेने, ती अडवावी लागत नाही आणि लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही दहाएक टक्के जास्त असते. परतीच्या चढाला डिझेल तिसऱ्या गिअरवर निवांत चढायची, पेट्रोलला बऱ्याच वळणांवर दुसरा टाकावा लागतो. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ॲव्हरेज थोडं घटणारच.

मग डिझेल का सोडली? चिपळूणला मी वर्षातून चार-पाच वेळा जातो. बाकीचे दिवस सिंहगड रोड. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, संध्याकाळी मुलीचा क्लास, भाजी, परत घर. इंजिन नीट तापेपर्यंत गाडी बंद करायची वेळ होते.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तो सहाशेएक अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी जादा डिझेल फवारते. वीसेक मिनिटं सलग वेगात चाललात तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. सिग्नलला थांबत, मध्येच बंद करत चाललात तर काम अर्धवट राहतं, डिझेल वाया जातं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

तो लागला की रात्री जेवण झाल्यावर गाडी काढायची. नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूरच्या नाक्याच्या अलीकडून परत. महिन्यातून दोनदा तरी हे व्हायचं. सुरुवातीला बायको सोबत यायची, नंतर मी एकटाच जायचो. एका पावसाळ्यात आई आजारी होती, दोन आठवडे हे जमलं नाही. गाडीने पॉवरच कमी केली. सर्व्हिस सेंटरला फिल्टर साफ करून घ्यावा लागला आणि ऑइलही बदललं, कारण न जळलेलं डिझेल त्यात उतरून पातळी वाढली होती. दवाखान्याच्या धावपळीत गाडी दोन दिवस दारात नव्हती, आणि त्याच आठवड्यात माझा निर्णय झाला.

शहरात डिझेलने मला १४ दिले, त्या रात्रीच्या फेऱ्या धरून. पेट्रोल १२ देते. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले, डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर डिझेलमध्ये अठराएक हजार वाचतात. पण गाडीच्या किमतीतच दीडएक लाखाचा फरक होता आणि महाराष्ट्रात डिझेलला आरटीओ टॅक्सही दोन टक्के जास्त. तो फरक भरून निघायला आठ वर्षांहून जास्त लागली असती.

त्यामुळे रोजची धाव शहरातली आणि छोटी असेल, तर माझ्या मते पेट्रोलच बरी. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर आणि तेही मोकळ्या रस्त्याला होत असतील, तर मात्र मी काही आग्रह धरणार नाही. माझे मेहुणे कामासाठी दर आठवड्याला कोल्हापूर करतात. त्यांच्या डिझेलला तीन वर्षांत तो दिवा एकदाही लागलेला नाही, आणि त्यांना पेट्रोल घ्या असं मी कधी म्हणालो नाही.