21,500 चं ग्रीटिंग कार्ड

चार वर्षं उलटून गेली, हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला निम्मं माहीत आहे. मित्रांना काहीच नाही, कारण आमच्या टोळक्यात कॉम्प्युटरचं काही अडलं की 'ह्याला विचारा' म्हणतात तो मीच. दुसऱ्यांच्या मशिनी जुळवून देणारा स्वतः एका वापरलेल्या ग्राफिक्स कार्डापायी (गेमचं चित्र पडद्यावर आणतं ते) 28,000 ला बुडाला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण मागच्या आठवड्यात भाच्याने एक जाहिरात पाठवली, "मामा, भारी सौदा आहे, बघ ना," आणि डोक्यात तिडीक गेली. म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा.

2021 चा ऑक्टोबर. माझं मशीन तेव्हा सात-आठ वर्षांचं. आय5-4570 प्रोसेसर, एच81 मदरबोर्ड, 8 जीबी डीडीआर3 रॅम आणि जीटीएक्स 750 टीआय ग्राफिक्स कार्ड. नवे गेम कण्हतकुंथत चालायचे. नवीन मशीन घ्यावं तर त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचं काय झालं होतं ते आठवा. चिपांचा तुटवडा, त्यात बिटकॉइनसारखं आभासी चलन कमावायला कार्डं राबवणारे मायनिंगवाले हाताला लागेल ते कार्ड उचलत होते. म्हणून हिशेब केला. माझ्या बोर्डाच्या 1150 सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाच्यात, प्रोसेसर बदलून फार तर आय7-4790 पर्यंत उडी. त्यापुढचा घ्यायचा तर बोर्ड नवा, रॅम नवी, म्हणजे मशीनच नवीन. त्यापेक्षा फक्त कार्ड बदलू. वापरलेलं जीटीएक्स 1060, 6 जीबी मेमरीवालं. 120 वॉटचं कार्ड, 6 पिनांची एकच वायर, माझा 450 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, ते सहज ओढेल. दोन-तीन वर्षं निघतील. हा हिशेब चुकला नव्हता. आजही हेच म्हणेन.

एका मित्राने तेव्हा वेगळं सुचवलं होतं. रायझन 5 5600जी नुकताच आलाय, ग्राफिक्स त्याच्या आतच आहे, तो घे, वर्षभर सेटिंग खाली ठेवून खेळ, कार्डं स्वस्त झाली की कार्ड टाक. मी त्याला म्हटलं, "ऑनबोर्डवर गेम खेळायला मी काय शाळेत आहे का?" तो नंतर त्यावरून कधी बोलला नाही. भला माणूस आहे.

तर जाहिरात. 1060, 6 जीबी, 24,000. फोनवर घासाघीस करून 21,500 ला ठरलं. "दादा, मी स्वतः गेमर आहे, मायनिंगला एक दिवस लावलेलं नाही," हे त्याने मी न विचारता सांगितलं. न विचारता दिलेलं उत्तर! पण मला तेव्हा माणूस प्रामाणिक वाटला. "तीन जण मागे लागलेत, थोडा इसार टाका," म्हणाला. 5,000 फोनवरून पाठवले. उरलेले 16,500 कार्ड चालताना बघून रोख.

आणि बघितलं मी! कुरियरने मागवून फसणाऱ्यांतला मी नव्हे. सुट्टी टाकून, गाडीभाड्याला 640 घालून, स्वतः गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, टेबलावर उघडा कॅबिनेट, कार्ड लावलेलं, पंखे फिरतायत. त्याने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या भागांची विंडोजची यादी, उघडून दाखवला. जीटीएक्स 1060. मेमरी दाखवली. 6 जीबी. मी म्हटलं, एखादा गेम लावा. "इथलं नेट आज सकाळपासून बंद आहे, दादा, आणि डिस्क परवाच पुसलीय." मी मान डोलावली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो फोनवर म्हणाला, "हो हो, आलेत एक जण, त्यांनी नाही घेतलं तर तुम्हाला."

आता ज्यासाठी रात्री अजून झोप उडते ते सांगतो.

मी वाकून कॅबिनेटच्या मागे बघितलं. कार्डातून मॉनिटरकडे जाणारी केबल व्हीजीएची, म्हणजे जुन्या मॉनिटरांच्या ॲनालॉग सिग्नलची होती. तीच ती जाड, दोन स्क्रूंची, निळ्या तोंडाची. थेट कार्डात घुसवलेली. मध्ये कन्व्हर्टर नाही, काही नाही. आता 1060 हे 2016 चं कार्ड, आणि एनव्हीडियाने त्या 10 च्या मालिकेपासून कार्डातून ॲनालॉग सिग्नल काढून टाकला होता. म्हणजे त्या मालिकेच्या 1060 वर निळा पोर्ट असायलाच नको. हे मला माहीत होतं. ऐकीव नाही, पक्कं माहीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका मित्राला सांगितलं होतं, "तुझा जुना मॉनिटर 1060 ला नाही लागायचा, कन्व्हर्टर घे." माझेच शब्द!

आणि तो निळा पोर्ट बघून मला काय वाटलं असेल? आनंद झाला. माझा मॉनिटरही व्हीजीएचाच. मनात म्हटलं, चला, कन्व्हर्टरचा खर्च वाचला. तोंडाने बोललोसुद्धा, "अरे वा, ह्याला व्हीजीए पण आहे!" त्यावर तो हसून म्हणाला, "आहे ना दादा, जुना मॉनिटर चालेल." त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी चार वर्षं बघतोय. चोराला वाटलं असणार की पकडलं, आणि हा शहाणा तर शाबासकी देतोय.

माझी बाजूही ऐका. माझ्या 750 टीआयला व्हीजीए होता, त्यामुळे डोळ्याला ते खटकलं नाही. आणि सोंग बेमालूम होतं. पॉवरच्या पिना तितक्याच, मेमरीची बस (डेटा जाण्याचा रस्ता) तीच 192 बिटची. वरचं प्लास्टिक नवंकोरं. बाकी ज्या खुणा होत्या त्यांना काय, सगळ्याला उत्तरं तयार होती. खोका नाही? घर बदलताना गेला. सिरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं? साफ करताना निघालं. सोबत एक पेन ड्राइव्ह दिला, त्यात ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. "ड्रायव्हर ह्यातलाच टाका, नेटवरून अपडेट करू नका, कार्ड बिघडतं." हे वाक्य जो विकणारा बोलेल त्याच्या समोरून उठा. चहा अर्धा असेल तर अर्धा ठेवून उठा. खऱ्या कार्डाला कंपनीचा ड्रायव्हर कधी बाधत नाही.

घरी येऊन कार्ड बसवलं. जुने गेम धडाधड चालले, मी खूश. त्या खुशीत दुसऱ्या दिवशी 750 टीआय 6,000 ला विकून टाकलं. ह्याकडे परत येतो.

तिसऱ्या दिवशी एक मोठा गेम लावला. दहा मिनिटांत स्क्रीन काळी. पुन्हा लावला, पुन्हा काळी. विकणाऱ्याला फोन केला. न चिडता, अगदी घरच्या माणसासारखा म्हणाला, "दादा, तुमचा एसएमपीएस कमी पडतोय." मी 4,200 चा 550 वॉटचा आणला. मी! ज्याने स्वतः हिशेब केला होता की 450 पुरे! तरी काळी. "विंडोज नव्याने टाका." टाकली. काळी. "रॅम 16 करा, नवे गेम 8 वर मरतात." 2,300 ची आणखी 8 जीबीची डीडीआर3 पट्टी आणली, जी पुढे कुठल्याही नव्या मशीनला लागणार नाही हे माहीत असून. काळी. ह्यात 19 दिवस गेले. जिथे जाहिरात होती तिथे तक्रार करायची मुदत 7 दिवसांची. तो मला उपाय सांगत नव्हता, दिवस मोजत होता.

विसाव्या दिवशी त्याचा फोन बंद झाला, आणि मग माझी अक्कल चालू झाली. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं चिमुकलं सॉफ्टवेअर आहे. दोन मिनिटांचं काम. कार्डाच्या नावाआधीच कंसात लिहून आलं, 'फेक'. 2018 पासून ते सॉफ्टवेअर अशी रंगवलेली कार्डं ओळखून तोंडावर सांगतं. खाली तपशील. चिप जीएफ116, 40 नॅनोमीटर, शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले भाग) 192. खऱ्या 6 जीबीच्या 1060 ला 1280 असतात. म्हणजे माझ्याकडे होतं 2011 चं जीटीएक्स 550 टीआय, बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून नाव बदललेलं. मेमरी खरी 1 जीबी, सांगायला 6. गेमने 1 जीबीच्या पुढे पाय टाकला की खाली फळीच नाही, कोसळणार नाही तर काय. आणि त्या चिपसाठी कंपनीने 2018 मध्येच नवे ड्रायव्हर थांबवले होते, म्हणून तो पेन ड्राइव्ह.

आता 750 टीआय. 550 टीआयपेक्षा ते कार्ड कितीतरी वेगवान, शेडर 640, मेमरी 2 जीबी, आणि वीज निम्मी. ते मी 6,000 ला विकलं, आणि त्याहून वाईट कार्ड 21,500 ला आणलं. ज्याला विकलं तो पोरगा दोन वर्षं सणावाराला मेसेज करायचा, "काका, कार्ड मस्त चालतंय." काय उत्तर देणार?

चौकीत गेलो. पहिला प्रश्न, "गेमसाठी? एवढे पैसे?" वय विचारलं. वय ऐकून शेजारचा हसला. मग म्हणाले, "वस्तू मिळाली ना? चालू होते ना? मग ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, साहेब, नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा. "बाजारात असंच असतं." बरं, हद्द कुठली? व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडे गेलो. तिथे म्हणे, जाहिरात इंटरनेटवर होती ना, सायबरकडे जा. सायबरला गेलो, तिथे म्हणे, तुम्ही समोरासमोर भेटून रोख दिले, हे सायबरमध्ये बसत नाही, चौकीत जा. तीन सुट्ट्या गेल्या ह्यात. शेवटी तिकडच्याच एकाने अर्ज घ्यायची तयारी दाखवली, टंकून दिला, मी घाईत सही केली. पोच घरी आणून वाचली, तर त्यात लिहिलेलं: 'अर्जदाराने 21,500 किमतीचे ग्रीटिंग कार्ड खरेदी केले असता ते बनावट निघाले.' दुरुस्तीसाठी परत गेलो. "अर्थ कळतो की," म्हणाले. चार वर्षांत एक फोन आलेला नाही. यायचाही नाही. ग्रीटिंग कार्डाचा तपास कोण करतो?

बँकेचं वेगळंच. 5,000 ज्या खात्यात गेले ते खातं त्यांच्यासमोर होतं. "पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे ह्याला तुमची संमती आहे." संमती! माझी संमती 1060 ला होती हो. आणि जाहिरातवाल्यांनी लिहिलं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', खाली पाच ताऱ्यांत गुण द्यायला सांगितलं. तोवर जाहिरात गायब. महिनाभराने तेच टेबल, तोच कॅबिनेट, नाव दुसरं. तीही कळवली. उत्तरात तीच दिलगिरी, तेच तारे.

पैसे देण्याआधी जीपीयू-झेड आपल्या पेन ड्राइव्हवर नेऊन त्याच्या मशीनवर चालवा. पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर परत या, गाडीभाडंच गेलं. इसार देऊ नका. पंधरा मिनिटं मेमरी भरेल असा जड गेम चालवून बघा, घरून घेऊन जा हवं तर. आणि पिना मोजण्याआधी पोर्ट बघा, पोर्ट!

भाच्याचं म्हणाल तर त्याचं मशीन सहाव्या पिढीच्या आय5 चं. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही, म्हणून पुन्हा तोच प्रश्न, जुन्यात घालू की नवं घेऊ. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे एएम4 चा, म्हणजे रायझन प्रोसेसरांच्या सॉकेटचा बोर्ड असता तर हो म्हणालो असतो, बोर्डाचा बायोस अपडेट करून त्यात बरेच पुढचे प्रोसेसर बसतात. तुझ्या मशीनमध्ये एसएसडी नसेल तर एसएसडी टाक आणि थांब. बाकी पैसे साठव. पण ऐकेल तो भाचा कसला. त्याचा जीव जडलाय त्या जाहिरातीतल्या 1660 सुपरवर, म्हणजे 1060 च्याही पुढच्या कार्डावर, 9,000 ला. "मामा, तू उगाच घाबरतोस. समोर चालवून दाखवणार आहे तो."

मी म्हटलं, एक कर. त्याला कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो माग. मागितला. दहा मिनिटांत फोटो आला, खाली त्याचा मेसेज:

"हो भाऊ, व्हीजीए पण आहे, जुना मॉनिटर चालेल."